रंग अंगचा की लावलेला?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सणासुदीचे दिवस जवळ आले की भेसळ ओळखण्याच्या घरगुती युक्त्या वृत्तपत्रांत छापून येतात आणि त्याहून कितीतरी वेगाने मोबाइलवर फिरू लागतात. त्यांतली सर्वांत लोकप्रिय युक्ती अशी की धान्य, डाळ किंवा सुकामेवा पाण्यात टाकावा. पाण्याला रंग आला तर माल रंगवलेला आणि पाणी स्वच्छ राहिले तर माल शुद्ध. ही कसोटी जशी सांगितली जाते तशी बरोबर नाही. काही ठिकाणी ती उपयोगी पडते, काही ठिकाणी ती निर्दोष मालाला दोषी ठरवते आणि काही ठिकाणी खऱ्या रंगकामाला सोडून देते. रसायनशास्त्र शिकवण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याला हे वाचून गप्प बसवत नाही, म्हणून हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे.

प्रथम नाचणी घेऊ. नाचणीचा तांबूसपणा तिच्या सालीतल्या टॅनिनसारख्या द्रव्यांमुळे येतो आणि ही द्रव्ये पाण्यात उतरतात. त्यामुळे चांगली, शेतातून थेट आलेली नाचणी भिजत घातली तरी पाणी तपकिरी-तांबूस होते. कोकणातला लाल तांदूळ धुतला की पाण्यावर गुलाबीसर छटा येते. काळ्या तांदळाचे पाणी तर जांभळे होते, कारण त्याच्या कोंड्यात अँथोसायनिन हे पाण्यात विरघळणारे रंगद्रव्य भरपूर असते. राजमा, शेंगदाण्याची तांबडी साल, काळे तीळ या सगळ्यांचे पाणी कमी-अधिक रंगीत होतेच. पाण्याला रंग आला म्हणून ही धान्ये परत करणाऱ्या गिऱ्हाइकाचा हेतू चांगला असला तरी नुकसान होते ते नेमके न रंगवलेला, पॉलिश न केलेला माल विकणाऱ्या शेतकऱ्याचे आणि बचत गटांचे. याउलट, तेलाचा हात फिरवलेल्या डाळीवर बसलेला रंग थंड पाण्यात लगेच सुटेलच असे नाही आणि मग तीच डाळ शुद्ध ठरते.

पाण्याची चाचणी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या पुस्तिकेतही आहे, हे खरे. परंतु तेथे प्रत्येक धान्यासाठी वेगळी रीत दिलेली आहे. हिरवे वाटाणे पाण्यात टाकून अर्धा तास ठेवायचे आणि पाणी हिरवे होते का ते पाहायचे. नाचणीसाठी मात्र भिजत घालण्याची रीत नाही; कापसाचा एक बोळा पाण्यात आणि दुसरा खाद्यतेलात भिजवून दोन्ही दाण्यांवर घासायचे आणि कापूस लाल होतो का ते पाहायचे. हा भेद कोणाच्या लहरीने केलेला नाही. वाटाण्याचा स्वतःचा रंग पाण्यात उतरणारा नाही आणि नाचणीचा उतरणारा आहे, म्हणून तो केलेला आहे. युक्ती फिरत फिरत आपल्यापर्यंत येते तेव्हा नेमका हा भेद गळून पडलेला असतो.

तेव्हा रंग ओळखायचा असेल तर त्या दाण्याचा मूळ रंग कोणत्या द्रव्याचा आहे हे आधी माहीत असायला हवे. सुदैवाने आपल्या डाळी, धान्ये आणि सुकामेव्यांत ही द्रव्ये फार नाहीत. हिरवा रंग असतो तो हरितद्रव्याचा. मसूर डाळीचा केशरी आणि मक्याचा पिवळा रंग कॅरोटिनॉइड वर्गाचा असतो. हे दोन्ही रंग तेलात विरघळतात, पाण्यात नाहीत. म्हणून वाटाणा, हिरवे मूग, मसूर डाळ किंवा पिस्ता यांच्या पाण्याला झगझगीत रंग आला तर संशय घेण्यास जागा आहे. पिठूळपणामुळे पाणी गढूळ होणे ही गोष्ट वेगळी, तिच्यावरून काही ठरवू नये. जांभळा-लाल रंग असतो तो अँथोसायनिनचा. तो पाण्यात उतरतो, पण लिंबाने लाल होतो आणि सोड्याने निळसर-हिरवट होतो. काळ्या तांदळाचे पाणी दोन वाट्यांत घेऊन एकीत लिंबू पिळले आणि दुसरीत खाण्याचा सोडा टाकला की हा फरक कोणालाही दिसतो. दोन्ही वाट्यांत रंग जसाच्या तसा राहिला तर तो तांदळाचा नव्हे, असे समजण्यास चांगला आधार मिळतो. नाचणीला हे लागू नाही, कारण तिची द्रव्ये वेगळी आहेत. तिच्या बाबतीत कापसावर उमटणारी छटा महत्त्वाची : तपकिरी असेल तर ती सालीची आणि चकचकीत गुलाबी असेल तर ऱ्होडामाइन-बी या कापड-कागद रंगवण्याच्या रंगाचा संशय घ्यावा. याच रंगामुळे २०२४ साली तमिळनाडू, पुदुच्चेरी आणि कर्नाटक या ठिकाणी रंगीत ‘म्हातारीच्या केसां’वर बंदी घालावी लागली होती.

हळदीविषयी आपल्याला नव्याने काही शिकण्याची गरज नाही. हळदीत चुना किंवा टाकणखार मिसळला की ती लाल होते, यावरच कुंकू तयार करण्याची जुनी रीत उभी आहे आणि हळदीचा डाग पडलेल्या कपड्याला साबण लावला की डाग लालभडक होतो, हे घराघरात ठाऊक आहे. ज्याला रसायनशास्त्रात करक्युमिन म्हणतात त्याचा हा गुण. उकडून वाळवलेला तांदूळ हळद लावून पिवळा केला आहे का, हे पाहण्यासाठी त्यावर चुन्याचे पाणी टाकण्याची चाचणी याच गुणावर बेतलेली आहे. पिवळ्या डाळीला किंवा फुटाण्यांना ओला पांढरा रुमाल घासून पिवळा डाग उमटला तर त्यावर अंगाचा किंवा धुण्याचा वडीचा साबण लावून पाहावा. डाग लाल झाला तर ती हळद आहे. हळद-मीठ लावलेले फुटाणे आपल्याकडे पूर्वापार विकले जातात, त्यात गैर काही नाही. डाग पिवळाच राहिला तर मात्र तो रंग हळदीचा नाही.

असा हळदीचा नसलेला पिवळा रंग बहुधा दोनांपैकी एक असतो. एक मेटॅनिल यलो आणि दुसरा ऑरामाइन. दोन्ही उद्योगांतले रंग आहेत आणि कोणत्याही खाद्यपदार्थात त्यांना परवानगी नाही. लखनौच्या भारतीय विषविज्ञान संशोधन संस्थेने मेटॅनिल यलोवर दीर्घकाळ काम केलेले आहे आणि प्राण्यांवरील प्रयोगांत त्याचे मेंदूवर होणारे परिणाम नोंदवले गेले आहेत. ऑरामाइनला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत घातले आहे. क्षयरोग्याच्या थुंकीतले जंतू सूक्ष्मदर्शकाखाली चमकून दिसावेत म्हणून प्रयोगशाळेत वापरला जातो तो हाच ऑरामाइन. तो मुलांच्या खिशातल्या फुटाण्यांवर असण्याचे काहीही कारण नाही.

या ठिकाणी आणखी तीन फिरत्या युक्त्यांविषयी स्पष्टपणे लिहिले पाहिजे. डाळीवर लिंबू पिळून मेटॅनिल यलो ओळखता येतो, असे सांगतात. तो ओळखता येत नाही. मेटॅनिल यलो गुलाबी-जांभळा होतो हे खरे, पण त्यासाठी लिंबाच्या रसाहून पुष्कळ तीव्र आम्ल लागते. प्रयोगशाळेत त्यासाठी हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात. शिवाय तीव्र आम्लात खरी हळदही लालसर होते; फरक एवढाच की पाणी घालून पातळ केल्यावर हळदीचा लालपणा जातो आणि मेटॅनिल यलोचा टिकतो. ज्या चाचणीत हा शेवटचा टप्पा गाळला जातो ती चाचणी चांगल्या हळदीलाही भेसळीची ठरवते. स्नानगृह साफ करण्याचे आम्ल आणून स्वयंपाकघरात असे प्रयोग करू नयेत, त्याची वाफ घातक असते. दुसरी युक्ती नोटा तपासण्याच्या जांभळ्या प्रकाशाच्या बॅटरीची. ऑरामाइन त्या प्रकाशात चमकतो हे खरे, पण हळदही चमकते. तिसरी युक्ती उन्हाची. हळदीचा डाग उन्हात उडतो, म्हणून जो उन्हात उडेल तो नैसर्गिक, असा तर्क त्यामागे आहे. परंतु ऑरामाइनसारखे काही कृत्रिम रंगही उन्हात फिके पडतात, त्यामुळे त्यावर भिस्त ठेवता येत नाही.

आता पिस्ता. सर्वांत महाग दाण्यालाच रंगकामाचा मोह सर्वांत जास्त होतो, म्हणून त्याविषयी थोडे अधिक लिहितो. पिस्त्याचा हिरवेपणा हरितद्रव्याचा असतो आणि थोडा आधी तोडलेला पिस्ता अधिक हिरवा असतो. टरफल काढल्यावर दाण्यावर जी पातळ साल दिसते ती जांभळट-तांबूस असते, तिच्यात अँथोसायनिन असते. म्हणून टरफल काढलेला, पण ही साल असलेला पिस्ता कोमट पाण्यात भिजवला तर पाणी हलके तांबूस होऊ शकते. ते होणे स्वाभाविक आहे. त्या पाण्यात सोडा टाकला तर ते हिरवट होईल, त्यालाही घाबरू नये, तो अँथोसायनिनचाच गुण आहे. पण काहीही न टाकता कोमट पाणी पोपटी किंवा गर्द हिरवे झाले, तर तो रंग पिस्त्याचा नव्हे, कारण हरितद्रव्य पाण्यात उतरत नाही. दुसरी खूण भाजल्यावर दिसते. हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियम असते. उष्णतेने आणि आम्लाने ते निघून जाते आणि हिरवा रंग मळकट, शेवाळी होतो. मेथी फार वेळ शिजली की तिचा रंग बदलतो तो याच कारणाने. भाजलेला पिस्ता जर तजेलदार पोपटीच असेल, तर तो तसा का राहिला हे दुकानदाराला विचारावे.

पिस्त्याचे काप म्हणून हिरवे रंगवलेले शेंगदाण्याचे काप विकले जातात, ही फसवणूक त्याहून धडधडीत आहे आणि ती ओळखणे त्यामानाने सोपे आहे. पिस्त्याचा काप मोडला तर आतही हिरवट-पिवळा असतो आणि एखाद्या कडेला जांभळी साल चिकटलेली सापडते. शेंगदाण्याचा काप वरून गडद आणि आतून पांढरट असतो, सालीचा मागमूस नसतो. शंका राहिली तर शाळेतला एक प्रयोग घरी करता येतो. काप थोड्या कोमट पाण्यात भिजवावेत, चिमूटभर मीठ घालावे आणि त्या पाण्याचे दोन-तीन थेंब पांढऱ्या खडूवर, टोकापासून थोडे वर, पट्ट्यासारखे लावून वाळू द्यावेत. मग तो खडू स्वच्छ पाण्याच्या उथळ थरात, रंगाचा पट्टा पाण्याच्या वर राहील असा, उभा करावा. खाद्य हिरवा रंग बहुतेक वेळा टार्ट्राझीन हा पिवळा आणि ब्रिलियंट ब्लू हा निळा असे दोन रंग मिसळून केलेला असतो. पाणी खडूत वर चढू लागले की हे दोन रंग वेगवेगळ्या वेगाने चढतात आणि हिरव्याचे पिवळे व निळे असे दोन पट्टे दिसू लागतात. खऱ्या पिस्त्याचा हिरवा रंग पाण्यासोबत चढणारच नाही. सातवी-आठवीतल्या मुलांकडून हा प्रयोग विज्ञानाच्या तासाला अवश्य करून घ्यावा, अशी माझी शिक्षकांना विनंती आहे.

येथवर मी नैसर्गिक आणि कृत्रिम हा भेद धरून लिहिले, कारण लोकांच्या मनात प्रश्न तसाच असतो. पण माझे मुख्य म्हणणे याच्या पुढचे आहे. धान्य, डाळ आणि सुकामेव्याच्या बाबतीत लावलेला रंग नैसर्गिक आहे की कृत्रिम, या प्रश्नाने ग्राहकाची वाट चुकते. हरितद्रव्यातल्या मॅग्नेशियमच्या जागी तांबे बसवले की तो हिरवा रंग उष्णतेतही टिकतो. वनस्पतीपासूनच काढलेला हा रंग नैसर्गिक म्हणायचा की कृत्रिम? वर्षभर गोदामात पडून निस्तेज झालेल्या डाळीला हळद लावून ताजी म्हणून विकली, तर हळद नैसर्गिक आहे म्हणून ती विक्री प्रामाणिक ठरते का? अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ याचे उत्तर देतो. ‘असुरक्षित अन्न’ या संज्ञेच्या व्याख्येत त्याने असेही अन्न घातले आहे, ज्याला रंग देऊन, लेप देऊन, भुकटी लावून किंवा पॉलिश करून त्याचा दोष झाकला आहे किंवा ते आहे त्याहून चांगले अथवा मौल्यवान भासवले आहे. रंग कशापासून काढला, हे त्या व्याख्येत विचारलेले नाही.

मिठाई, आइस्क्रीम, बिस्किटे, सरबते अशा ठरावीक पदार्थांत मर्यादित प्रमाणात कृत्रिम रंग चालतात. आपल्याकडे असे आठ रंग मान्य आहेत आणि वर उल्लेखलेले टार्ट्राझीन आणि ब्रिलियंट ब्लू त्यांपैकीच आहेत. त्यामुळे पिस्ता बर्फीत ते नियमानुसार असू शकतात. दुकानदार ‘हा खाण्याचाच रंग आहे’ असे म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत असेलच असे नाही. पण बर्फीत चालणारा रंग कच्च्या डाळीवर, अख्ख्या धान्यावर किंवा पिस्त्याच्या दाण्यावर चालत नाही, हे त्याला सांगता आले पाहिजे. तेथे रंगाला कामच नाही. जो रंग तेथे आहे तो काहीतरी झाकण्यासाठी आहे : जुनेपणा, ओल, कीड किंवा स्वस्त जातीचा माल.

बाहेरच्या दोन उदाहरणांवरून हे अधिक स्पष्ट होईल. अमेरिकेत विसाव्या शतकात अनेक दशके टरफलाचे पिस्ते लाल रंगात रंगवून विकले जात. कारण असे की पिस्त्याची बाहेरची ओली साल वेळेवर काढली नाही तर टरफलावर डाग पडतात आणि पश्चिम आशियातून येणाऱ्या मालावर ते असत. कॅलिफोर्नियात यंत्राने तोडणी आणि झटपट साल काढणे सुरू झाले, डाग उरले नाहीत आणि लाल रंग जवळजवळ नाहीसा झाला. दुसरे उदाहरण बांगलादेशातले आहे. १९८०च्या दशकात पुरामुळे ओली राहिलेली, काळवंडलेली हळद खपेना, म्हणून तिला पॉलिश करताना लेड क्रोमेट हा शिसेयुक्त पिवळा रंग लावण्याची प्रथा पडली आणि ती टिकली, कारण गिऱ्हाइकाला पिवळीधमक हळदच हवी असे. २०१९ साली बाजारातल्या नमुन्यांपैकी ४७ टक्के नमुन्यांत शिसे सापडले. त्यानंतर तेथील अन्न सुरक्षा प्राधिकरणाने संशोधकांच्या मदतीने घाऊक बाजारातच तपासणी केली, दंड केले आणि त्याला भरपूर प्रसिद्धी दिली. २०२१ साली नमुन्यांतले हे प्रमाण शून्यावर आले. हळदीच्या व्यापारावर ज्यांचे पोट आहे अशा सांगली परिसरातील वाचकांना या उदाहरणाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. यात एकाही गृहिणीला घरी आम्लाचा प्रयोग करावा लागला नाही. तपासणी जेथे व्हायला हवी तेथे झाली.

म्हणूनच मला अन्न व औषध प्रशासनाकडे काही मागायचे आहे. सणांच्या आधी किराणा दुकानांतून चार नमुने उचलण्याऐवजी नवी मुंबईतील वाशीचा घाऊक बाजार, पुण्याचे मार्केट यार्ड अशा ठिकाणी डाळी, फुटाणे, वाटाणे आणि पिस्त्याचे काप यांचे नमुने वर्षभर नियमाने घेतले जावेत. अन्न विश्लेषकाने नमुना मिळाल्यापासून चौदा दिवसांत अहवाल द्यावा, असे कायद्यात आहे. तो अहवाल फायलीत न राहता कोणता जिन्नस, कोणत्या बाजारातला आणि त्यात कोणता रंग सापडला एवढ्या तपशिलासह लोकांसमोर यावा. जेथे नमुने निर्दोष निघाले तेही जाहीर व्हावे, म्हणजे प्रामाणिक व्यापाऱ्यावरचे किटाळ दूर होईल. सुटा माल विकणाऱ्यांनाही तो कोणाकडून घेतला याची पावती ठेवणे भाग पाडावे, अन्यथा दोष नेहमी शेवटच्या, सर्वांत लहान दुकानदाराच्या माथी येतो.

ग्राहकालाही एक हक्क आहे, जो फारसा कोणाला माहीत नाही. वर उल्लेखलेल्या कायद्याच्या कलम ४० नुसार कोणीही खरेदीदार ठरलेले शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून आपला माल तपासून घेऊ शकतो. मात्र तपासणीचा इरादा खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावा लागतो. माल कायद्यात न बसणारा निघाला तर भरलेले शुल्क परत मिळते. एखाद्या गृहनिर्माण संस्थेने किंवा ग्राहक मंडळाने वर्गणी काढून आपल्या भागातल्या फुटाण्यांचे आणि पिस्त्याच्या कापांचे नमुने अशा रीतीने तपासून घेतले, तर मोबाइलवरच्या शंभर संदेशांहून ते अधिक उपयोगाचे होईल.

आपल्या दैनिकाकडेही एक आग्रहाची विनंती आहे. घरगुती चाचणी छापताना ती कोणत्या जिनसासाठी आहे, तिने काय कळते आणि काय कळत नाही, हे तीन मुद्दे तिच्यासोबत छापले जावेत. ‘पाण्याला रंग आला तर भेसळ’ हे वाक्य नाचणी, लाल व काळा तांदूळ आणि राजमा यांच्या बाबतीत पुन्हा छापले जाऊ नये.

कळावे,
आपला,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक, सातारा